बाळंतपणातली सोबतीण आणि विम्याचे पैसे



शेतकी विभागाच्या पानावर दर अंकी लागण, बेणेप्रक्रिया, खोडवा व्यवस्थापन असे विषय येतात. या वेळचा विषय निराळा आहे. गेल्या हंगामात गट ऑफिसात ऊसनोंदीसाठी आलेल्या सभासदांनी उसाखेरीज एक प्रश्न वारंवार विचारला. "साहेब, सूनबाईच्या बाळंतपणाला पुण्यात एक बाई लावायची म्हणतात. डूला की काय म्हणतात तिला. तिची फी मेडिक्लेममध्ये बसते का?" प्रश्न घरगुती वाटला तरी पैसा उसाच्या बिलातूनच जाणार असतो. सबब त्याची माहिती कागदपत्रे वाचून, आरोग्य केंद्रातील जाणत्या मंडळींशी बोलून येथे देत आहे. औषधोपचाराचा सल्ला डॉक्टरांचाच घ्यावा, हे आधीच सांगून ठेवतो.

डूला म्हणजे कोण?

डूला हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ सेवा करणारी बाई. बाळंतिणीच्या सोबतीणीसाठी हा शब्द डॅना राफेल या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली आपल्या पुस्तकात वापरला आणि तेथून तो रूढ झाला. आपल्याकडे शब्द नवा असला तरी काम नवे नाही. पूर्वी घरी बाळंतपण व्हायचे तेव्हा सुईण बाळ काढायची आणि उशाशी आई, मावशी, थोरली जाऊ यांपैकी कोणी तरी हात धरून बसायची. डूला म्हणजे ही उशाशी बसणारी बाई. ती सुईण नव्हे, नर्सही नव्हे. ती तपासणी करीत नाही, इंजेक्शन देत नाही, बाळंतपण करीत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत बाळंतिणीला सोडून हलायचे नाही, हे तिचे मुख्य काम. पाठ चोळणे, पाणी पाजणे, फिरवून आणणे, कूस बदलायला मदत करणे, श्वास कसा घ्यावा ते सांगणे, डॉक्टर काय म्हणाले ते सोप्या भाषेत समजावणे, धीर देणे, एवढेच ती करते.

घरची बाळंतपणे आता जवळजवळ संपली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसते. ही फार चांगली गोष्ट झाली. त्याने माता वाचल्या, बाळे वाचली. परंतु दवाखान्यात जाताना उशाशी बसणारी बाई दाराबाहेरच राहिली. आत पोरगी एकटी, बाहेर व्हरांड्यात सारे घर, आणि एका सिस्टरकडे चार-पाच बाया. पहिलटकरणीची निम्मी ताकद भीतीतच जाते.

सोबतीने फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजलेला आहे. ग्वाटेमाला देशातील एका दवाखान्यात जॉन केनेल, मार्शल क्लाऊस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. ज्या बायांजवळ सतत सोबतीण होती त्यांच्या अडचणी कमी झाल्या, कळांचा काळही बराच कमी झाला. ती सोबतीण बाळंतिणीच्या ओळखीचीही नव्हती, केवळ शेजारी होती.

त्यानंतर अनेक देशांत अशा चाचण्या झाल्या. २०१७ साली त्यांतील २६ चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या. १७ देश आणि १५ हजारांवर बाया असा तो पसारा होता. सतत सोबत असलेल्या बायांत सिझेरियनचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने कमी आढळले, नैसर्गिक बाळंतपणे वाढली, वेदनाशामक औषधे कमी लागली आणि कळांचा काळ सरासरी चाळीस मिनिटांनी कमी झाला. सोबतीचा तोटा त्या चाचण्यांत आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत प्रत्येक बाळंतिणीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी असे स्पष्ट म्हटले आहे.

हे आकडे आपल्या खिशाशी थेट जोडलेले आहेत. वर सांगितलेल्या पाहणीत महाराष्ट्रात २५ टक्क्यांवर बाळंतपणे सिझेरियनने झालेली दिसतात. देशाचा विचार केला तर सरकारी दवाखान्यात हे प्रमाण १४ टक्के आणि खासगीत ४७ टक्के होते. गरज असताना सिझेरियन जीव वाचवते, त्याविषयी शंका नको. पण जे टळू शकले असते ते झाले, तर दवाखान्याचे बिल वाढते, बाळंतीण जास्त दिवस अंथरुणाला खिळते आणि पुढचे बाळंतपणही जोखमीचे होते.

विमा तिचे पैसे देतो का?

रोखठोक उत्तर, सर्वसाधारणपणे नाही. का नाही, ते समजून घ्यावे, म्हणजे पुढची फसगत टळते.

विम्याचे तत्त्व आपल्याला पीकविम्यावरून चांगले ठाऊक आहे. गारपीट झाली, पूर आला तर भरपाई. भांगलणीची मजुरी मात्र पीकविमा देत नाही, मग ती मजुरी पिकासाठी कितीही मोलाची असो. आरोग्य विमाही असाच चालतो. दवाखान्यात दाखल झाल्यावर ठरावीक सदरांखाली झालेला खर्च तो देतो. डूलाची फी त्या सदरांत तीन ठिकाणी अडते.

पहिली अडचण बाळंतपणाचीच. साध्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत बाळंतपणाचा खर्च वगळलेला असतो. विमा नियामक प्राधिकरणाने वगळलेल्या बाबींना क्रमांक दिले आहेत, त्यांत बाळंतपणाचा क्रमांक १८ आहे. नैसर्गिक, अवघड, सिझेरियन, सर्व त्यात आले. अपवाद फक्त गर्भ गर्भाशयाबाहेर राहण्याच्या प्रकाराचा. आपल्या पॉलिसीत १८ क्रमांकाची ही ओळ असेल आणि प्रसूतीचे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल, तर डूलाचे राहू द्या, दवाखान्याचे बिलही मिळणार नाही.

दुसरी अडचण माणसाची. विम्याच्या व्याख्येप्रमाणे नर्स म्हणजे नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली व्यक्ती. आपल्या देशात डूलासाठी असे कौन्सिल नाही. काही जणी खासगी संस्थांकडून शिक्षण घेतात, प्रमाणपत्रही मिळवतात, पण ते विम्याच्या लेखी नोंदणी क्रमांकाच्या जागी चालत नाही.

तिसरी अडचण यादीची. ज्या बाबींचे पैसे विम्यात मिळत नाहीत त्यांची एक ठरीव यादी असते. तिच्यात रुग्णाजवळ बसणाऱ्या मदतनिसाचा आकार आहे, खासगी नर्सचा आकार आहे, बाळाचे डायपर, सॅनिटरी पॅड आणि जन्मदाखल्याची फीसुद्धा आहे. विमा कंपनीचा कारकून डूलाची पावती पाहतो आणि तिला मदतनिसाच्या रांगेत बसवतो.

आता हिशेब पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा पॉलिसीत बाळंतपणाची मर्यादा ५० हजार रुपये, दवाखान्याचे बिल ७८ हजार आणि डूलाची फी १५ हजार. विमा फार तर ५० हजार देईल. वरचे २८ हजार आणि डूलाचे १५ हजार, मिळून ४३ हजार घरातून जातील. म्हणून "विमा आहे, बघून घेऊ" या भरवशावर बाई ठरवू नये.

पॉलिसी घेताना व वापरताना

ज्यांच्या घरात येत्या दोन-तीन वर्षांत बाळंतपण संभवते त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) प्रसूती संरक्षणाला प्रतीक्षाकाळ असतो. वैयक्तिक पॉलिसीत तो बहुधा दोन ते चार वर्षांचा असतो. दिवस गेल्यावर घेतलेली पॉलिसी त्या बाळंतपणाला उपयोगी पडत नाही. लग्न ठरतानाच विचार व्हावा.

२) नैसर्गिक व सिझेरियन यांच्या मर्यादा वेगळ्या असू शकतात. नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, तेही विचारावे. बाळ काचेच्या पेटीत ठेवावे लागले तर खरा खर्च तेथे होतो.

३) पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक मिळते. ते मराठीत मागता येते. वाचून पटले नाही तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. एजंट तोंडी काय म्हणाला याला पुढे किंमत राहत नाही.

४) डूला ठरवण्यापूर्वीच विमा कंपनीला लेखी विचारावे, "सोबतीणीची फी प्रसूतीच्या मर्यादेत देणार काय?" उत्तर लेखीच घ्यावे. नाही आले तरी खर्चाची तजवीज वेळेवर करता येते.

५) काही खासगी प्रसूतिगृहे सोबतीण स्वतःच नेमतात आणि तिचा आकार पॅकेजमध्ये धरतात. तसे असेल तर ते बिल दवाखान्याचे असते आणि मंजुरीच्या वेळी ते मर्यादेत धरले जाण्याची शक्यता वाढते. दवाखान्यात आधी चौकशी करावी. मात्र डूलाची फी औषधांच्या किंवा तपासणीच्या नावाने बिलात घालून घेण्याच्या भानगडीत पडू नये. खोटा दावा उघड झाला तर तो दावाही जातो आणि पॉलिसीही जाते.

६) विनारोख सोय असेल तर दवाखाना सोडतेवेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असे नियामकाचे २०२४ पासूनचे बंधन आहे. बाळ-बाळंतिणीला संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवले तर याची आठवण द्यावी.

७) दावा चुकीने नाकारला असे वाटल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा आलेले न पटल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा. पण पॉलिसीतच वगळलेली बाब असेल तर लोकपालही ती मिळवून देणार नाही, हे ध्यानात असावे.

डूला लावायचीच असेल तर

आर्थिक ताकद आहे आणि घरचे कोणी जवळ नाही, अशा नोकरदार मुलींसाठी डूला उपयोगी आहे. मात्र ठरवताना बैल किंवा ट्रॅक्टर ठरवतो तितकी तरी चौकशी करावी. बाळंतपणापूर्वी किती भेटी, नंतर किती, रात्री-अपरात्री ती येणार का, ती अडकली तर बदली बाई कोण, सिझेरियन करावे लागले तर फीचे काय, आगाऊ रक्कम परत मिळते का, हे सर्व कागदावर असावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दवाखाना तिला प्रसूतिकक्षात येऊ देणार का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. पैसे भरले आणि बाई दारातच अडवली असे होऊ नये. "डॉक्टरांची गरज नाही, मी घरीच करते" असे सांगणारी डूला असेल तर तिला नमस्कार करून परत पाठवावे.

परदेशी असलेल्या लेकी-सुनांविषयी

काही सभासदांची मुले अमेरिकेत आहेत, म्हणून दोन शब्द. तेथे सरकारी मेडिकेड योजनेतून डूलाचे पैसे देण्यास ओरेगन व मिनेसोटा या राज्यांनी प्रथम सुरुवात केली. न्यू जर्सीने २०२१ पासून व कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून ही सोय केली. पण मेडिकेड ही मुख्यतः कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहे. नोकरीतून मिळालेल्या विम्यात डूला बसते की नाही, हे त्या त्या कंपनीच्या कागदावर अवलंबून आहे, तेव्हा मुलांनी तेथेच लेखी विचारावे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, सोबतीने सिझेरियन कमी होतात, हे पाहूनच तेथील राज्यांनी हा खर्च योजनेत घेण्याजोगा मानला. भांगलणीची मजुरी दिली तर उत्पन्न वाढते, हे विमा देणाऱ्यालाही पटू शकते.

फुकट मिळणारी सोबत

आता या लेखाचा खरा मुद्दा. ज्या सोबतीसाठी आपण हजारो रुपये मोजायला निघालो, ती सरकारी दवाखान्यात हक्काने आणि बिनपैशांची मिळते. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीणीला आत येऊ द्यावे असे ठरवले. २०१७ अखेर सुरू झालेल्या लक्ष्य कार्यक्रमातही ही बाब प्रसूतिकक्षाच्या दर्जात धरली आहे. अनेकांना हे माहीतच नाही, म्हणून कोणी मागत नाही.

अटी सोप्या आहेत. सोबतीण शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी. तिला संसर्गजन्य आजार नसावा. कपडे स्वच्छ असावेत. कळा चालू असतील तितका वेळ तिने जवळ थांबावे, दवाखान्याच्या कामात लुडबुड करू नये आणि शेजारच्या खाटेवरील बाईकडे जाऊ नये. जेथे आडोशाची व्यवस्था आहे तेथे नवऱ्यालाही परवानगी मिळू शकते.

मात्र नुसती बाई आत पाठवून भागत नाही, तिला तयार केले पाहिजे. सातव्या महिन्यातच घरात बसून ठरवावे. बाळंतिणीला जी हवी तीच निवडावी. सासूबाईंचा मान मोठा, पण पोरीला मावशी जवळ हवी असेल तर सासूबाईंनी मोठे मन करावे. घाबरट, रडवी किंवा "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणणारी बाई नको. निवडलेल्या बाईने एका तपासणीला सोबत जाऊन प्रसूतिकक्ष पाहून यावा. पोट दाबायचे नाही, घरचे औषध किंवा काढा द्यायचा नाही, "इंजेक्शन देऊन लवकर मोकळी करा" असा तगादा लावायचा नाही, हे तिला बजावून सांगावे. रक्त जाऊ लागले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला, पाणी हिरवट गेले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर तत्काळ सिस्टरला हाक मारायची. गावची आशाताई या तयारीत मदत करते. तिचे मानधन शासन देते.

खासगी दवाखान्यातही हीच मागणी नम्रपणे करावी. मान्य करणारे डॉक्टर आहेत. नाव नोंदवतानाच विचारावे, ऐन वेळी भांडू नये.

याशिवाय सरकारी दवाखान्यात काय मिळते तेही माहीत असावे. १ जून २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नैसर्गिक बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरापासून दवाखान्यापर्यंत व परत अशी गाडी हे सर्व मोफत आहे. उत्पन्नाची अट नाही. दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या ग्रामीण मातांना जननी सुरक्षा योजनेतून ७०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५ हजार आणि दुसरी मुलगी झाल्यास ६ हजार रुपये बँक खात्यात येतात. किसान सन्मान निधी घेणाऱ्या महिला शेतकरी आणि ई-श्रम कार्ड असलेल्या महिला यात पात्र आहेत. अर्ज अंगणवाडीत किंवा आशाताईकडे करावा. या पैशातून घरच्या सोबतीणीचा रोजगार बुडाला तो भरून देता येतो, तिला एक लुगडे घेता येते.

ऊसतोडणी करणाऱ्या भगिनींसाठी

तोडणीच्या टोळ्यांत दिवस भरत आलेल्या बाया असतात. त्यांचे माहेर-सासर शेकडो किलोमीटरवर, नात्यातली बाई टोळीत असेलच असे नाही. सरकारी दवाखान्याची वरील मोफत सेवा त्यांनाही आपल्या कार्यक्षेत्रात मिळते, मूळ गावी जावे लागत नाही. मुकादमांना विनंती की, टोळी आणताना अशा बायांचे माता व बाल संरक्षण कार्ड सोबत आणायला सांगावे, टोळी उतरताच जवळच्या उपकेंद्रात नाव नोंदवावे आणि टोळीतील एक बाणेदार, अनुभवी बाई सोबतीण म्हणून आधीच ठरवावी. त्या दिवशी तिची खाडी धरू नये. शेतमालक सभासदांनीही फडावर १०२ व १०८ हे क्रमांक सर्वांना सांगून ठेवावेत. आपला ऊस वेळेवर तुटावा म्हणून जी बाई घर सोडून येते, तिचे बाळंतपण कोपीत एकटीने होऊ नये, ही जबाबदारी आपली आहे.

सभेपुढे मांडण्यासारखी गोष्ट

वैयक्तिक पॉलिसीत एकट्या शेतकऱ्याचे म्हणणे कंपनी ऐकत नाही. गट विम्यात मात्र अटी बोलून ठरवता येतात. प्रसूतीचा प्रतीक्षाकाळ माफ करणे, मर्यादा वाढवणे, बाळाला पहिल्या दिवसापासून घेणे, या सवलती गट विम्यात मिळवलेल्या संस्था आहेत. त्याच चर्चेत सोबतीणीसाठी ठरावीक रक्कम मागायला हरकत नाही. हप्ता वाढेल, तो किती व कोणी भरायचा, हे पाहावे लागेल. निर्णय संचालक मंडळाचा व वार्षिक सर्वसाधारण सभेचा आहे. पण मागणी सभासदांकडून, विशेषतः महिला सभासदांकडून आली पाहिजे. तिसऱ्या रांगेतल्या भगिनी हात वर करून बोलल्या तर विषयपत्रिकेवर हा विषय येण्यास वेळ लागणार नाही.

तोपर्यंत ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांनी चार कामे करावीत. पॉलिसी काढून १८ क्रमांकाची ओळ वाचावी. दवाखान्यात सोबतीणीची परवानगी विचारावी. सोबतीण निवडून तिची तयारी करावी. आणि आशाताईकडे नाव नोंदवावे. पहिले काम सोडले तर बाकी तिन्हींना विमा लागत नाही, पैसाही लागत नाही. मातृवंदना योजनेसाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी गट ऑफिसातील फलकावर लावत आहोत, ती पाहून जावी.

— ऊसविकास अधिकारी, शेतकी विभाग